नंदादीपाचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. जुनी म्हणते खरी, पण मला बघायला आलात तर म्हणाल, "छे, ही तर नवी कोरी दिसते!" तेही खोटं नाही. काच माझी जुनी, रूप माझं नवं.

आंबेनळी घाट उतरून पोलादपूरकडे येताना डोंगराच्या पोटाशी एक छोटी वाडी लागते. तिथल्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळात, गाभाऱ्याच्या दाराशी, नंदादीपासमोर मी उभी असते. हातभर उंच, कमानीसारखी वाकलेली, फिकट निळी. माझ्या अंगात बारीक बुडबुडे आहेत आणि मधोमध एक पांढरं पान आहे. पान रंगवलेलं नाही, कोरलेलंही नाही. ते तिथे कसं आलं हे सांगायचं म्हणजे थोडं मागे जायला हवं. कीर्तनकार नाही का, मूळ गोष्टीवर येण्याआधी विठ्ठलनामाचा गजर करून घेतात, तसं समजा.

पूर्वी मी हंडी होते. सभामंडपात साखळीला टांगलेली, गोल पोटाची काचेची हंडी. मुंबईला कामाला गेलेल्या वाडीच्या मंडळींनी मला देवासाठी घेतलं आणि गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर बसवून आणलं. खड्डा आला की कुणीतरी ओरडायचं, "ए ड्रायवर, हळू रे! मांडीवर देवाची वस्तू हाय!" आणि ड्रायव्हरही खरंच हळू घ्यायचा.

त्या हंडीच्या जन्मात मी सुखी होते. माघात वाडीचा अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. संध्याकाळी कीर्तन उभं राहतं. टाळांचा पहिला ठोका पडला की माझ्या कडेला बारीक झिणझिण यायची. मृदंगावर थाप पडली की पोटात घुमायचं. मी वर टांगलेली असल्याने बुवा मला आख्खे दिसायचे. त्यांचा फेटा, कपाळावरचा बुक्का, नाचताना उडणारं उपरणं, सगळं. नवीन लोक यायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "काय हंडी हाय!" मीही जरा जास्तच चमकायचे.

पुढे ट्यूबलाइट आल्या. माझ्यातला दिवा काढला. कोळ्यांनी माझ्या साखळीला जाळी बांधली. वर बघणारं कुणी उरलं नाही. फक्त एक बाई दर एकादशीला स्टुलावर चढायची आणि जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने मला पुसायची. ती तुळजाबाई.

तुळजाबाईची आणि देवळातल्या नंदादीपाची जोडी जुनी. सासूनंतर दिव्याची सेवा तिच्याकडे आली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वात वळायची, तेल घालायचं, काजळी झाडायची, हा तिचा संसार. सप्ताहात तर हा दिवा क्षणभरही शांत होऊ द्यायचा नाही, अशी वाडीची रीत. आणि माघात घाटावरून वारा असा उतरतो की सभामंडपाच्या दारातून थेट गाभाऱ्याशी येतो. म्हणून तुळजाबाई दिव्यासमोर बसायची, पदराचा आडोसा धरून, दिव्याकडे तोंड करून.

आता नीट ऐका. दिव्याकडे तोंड म्हणजे कीर्तनाकडे पाठ. त्या बाईने आयुष्यभर कीर्तन ऐकलं, पण कीर्तनकार कधी डोळ्यांनी पाहिला नाही. सभा हसली की ती दिव्याकडे बघून हसायची. मला वरून ते दिसायचं आणि वाईट वाटायचं.

मग एका वर्षीच्या सप्ताहात तिला जरा डुलकी लागली. वाऱ्याचा एक झोत आला आणि दिवा शांत झाला. कुणी तिला बोललं नाही. दिवा पुन्हा लावला, देवाची क्षमा मागितली. पण काल्याच्या जेवणानंतर येसाजी, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे म्हातारे, तिच्याशेजारी येऊन बसले.

"तुळजावहिनी, आता तुमचं वय झालं. पुढल्या वर्साला बटनाचा दिवा बसवू. ज्योत हालते तशीच दिसते बघा. वारा काय करनार त्याला?"

"आनि मी काय करू?" तुळजाबाई म्हणाली.

"तुमी निवांत बसा."

"भावजी, निवांत बसायला देवळात कशाला येऊ? घरी खाट हाय की."

येसाजी माणूस वाईट नव्हे. ते डोकं खाजवत म्हणाले, "बरं, आनखी एक सप्ता बघू. पर पुन्यांदा दिवा गेला तर मंग बटन." तुळजाबाईने मान हलवली. त्या दिवसापासून पुढचा सप्ताह म्हणजे तिची परीक्षा झाली.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर माझं हंडीपण संपलं. नैवेद्याच्या केळ्यांच्या वासाने एक वांदर देवळात शिरला. त्याला हाकलायला तुळजाबाईची शेजारीण चंद्राबाई झाडू घेऊन धावली. वांदराने उडी मारली ती थेट माझ्यावर. मी खाली आले. वांदर केळी घेऊन गेला.

फुटकी काच देवळात ठेवत नाहीत. येसाजी म्हणाले, "गोळा करा नि नदीत सोडून द्या."

तुळजाबाई पुढे झाली. "नदीत गुरं उतरतात, पोरं उतरतात. देवाच्या हंडीनं कुनाचा पाय कापायचा हाय काय?" तिने माझा तुकडा अन् तुकडा वेचला आणि त्याच मऊ फडक्यात बांधून ठेवला.

वाट सुचवली ती चंद्राबाईच्या मुलाने. हा सुनील बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कारखान्यात कामाला जातो. त्याच्या खोलीशेजारी पत्र्याची शेड आहे. तिथे नूतन नावाची एक बाई काचेचं काम करते. नूतन महाडची. शिकायला कुठे कुठे लांब जाऊन आली आणि विजेची भट्टी घेऊन इथेच परतली. सुनील म्हणाला, "काकी, ती फुटक्या काचेचं कायबाय करते. शोपीस टाईप. पन भारी असतं."

तुळजाबाई मोटरसायकलवर त्याच्या मागे बसली, मला मांडीवर घेऊन. प्रत्येक खड्ड्याला म्हणायची, "हळू रे सुनील, मांडीवर देवाची वस्तू हाय." मला एसटी आठवली.

मित्रांनो, ती शेड मी कशी सांगू! बाहेरून गंजका पत्रा, आत मात्र प्रत्येक खिडकीत काच उजेड धरून बसलेली. एका तावदानात भाताच्या खाचरांचा हिरवा होता, पायरी पायरीने खाली उतरत गेलेला. दुसरं एक तावदान जवळजवळ पांढरं, त्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे वर चाललेले. तुळजाबाई त्याच्यासमोर थांबली ती थांबलीच. मग तिने हळूच तळवा टेकला आणि पटकन म्हणाली, "गार हाय गो! मला वाटलं ऊन लागंल. ही सवची वाफ हाय ना? गरम पान्याच्या कुंडावरची?"

नूतन हातातलं काम ठेवून उठली. "आजी, हे तावदान पुष्कळांनी पाहिलं. वाफ आहे म्हणून हात कुणी लावून पाहिला नव्हता." ती इतकी खूश झाली की चहाची पूड टाकायची विसरली आणि नुसतं आधण उकळत राहिलं.

फडकं सोडलं. नूतनने मला एकेक तुकडा करून उजेडात धरलं. कीर्तनकार अभंगाचा एकेक शब्द उचलून, उलटसुलट करून बघतात ना, तसं. कुठे जाड आहे, कुठे पातळ, कुठे काच फुंकून फुगवणाऱ्याचा श्वास अडकून बुडबुडा राहिलाय, सगळं तिने पाहिलं. इतक्या वर्षांत मला लोकांनी पाहिलं होतं, मित्रांनो, पण वाचलं नव्हतं.

"पुन्हा हंडी करायची का?" तिने विचारलं.

"हंडी नको गो बाय. दिव्याला आडोसा कर. वारा अडला पायजे, उजेड अडता नये."

नूतन हसली. "एवढंच? अहो, काचेचं सगळं शास्त्र सांगितलंत."

बातमी वाडीत पोचली आणि गडबड झाली. देवासाठी काही घडतं आहे म्हटल्यावर वाडीच्या बायका मागे राहतात होय! आपल्याकडे घंटा ओतायची असली की घराघरातून पितळ देतात. तसंच काहीसं डोक्यात धरून चंद्राबाईने दारोदार फिरून प्रत्येकीच्या हातातली एकेक काचेची बांगडी गोळा केली. हिरव्या, लाल, चमकीच्या. ओंजळभर बांगड्या घेऊन ती बिरवाडीला आली, तुळजाबाईला बरोबर घेऊन.

"ह्या घाल त्यात. समद्यांचा हात लागू दे देवाच्या कामाला."

नूतन अडखळली. "काकू, बांगडीची काच वेगळी, हंडीची वेगळी. भट्टीत एकजीव होतील, पण निवताना प्रत्येकीची आकसायची तऱ्हा निराळी. मग आतल्या आत ओढाताण होते."

"वेगळी कशी? काच ती काच! का आमच्या बांगड्या देवाला नकोत व्हय?"

शेजारी तुळजाबाई उभी होती, हात पदरात घेऊन. चंद्राबाईचं लक्ष गेलं. ती मनाची मोठी, जिभेची तिखट. म्हणाली, "तुळजे, तुज्या वाटची मी जास्ती घातली हाय हो एक."

तुळजाबाई शांतपणे म्हणाली, "चंद्रे, दुसऱ्याच्या हातानं नवेद दाखवतात काय गो?"

नूतनने एकदा तुळजाबाईच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बायकांचं मन मोडवेना, म्हणून नूतनने प्रयत्न केला. पण ती हुशार. माझे निम्मे तुकडे तिने बाजूला राखून ठेवले, थोड्याच बांगड्या वापरल्या. भट्टीतून तावदान निघालं ते फारच देखणं. निळ्यात लाल-हिरव्या कमानी. चंद्राबाई येऊन बघून गेली आणि सगळ्या वाडीला सांगत सुटली. दोन-तीन दिवसांनी ती चार जणींना घेऊन पुन्हा आली आणि सगळ्यांसमोर, कुणी हातही न लावता, टिक् असा आवाज झाला. एक तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"फुटली!" एक जण किंचाळली.

"फुटली म्हनू नको, वाढली म्हन," चंद्राबाई सवयीने म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते. "माझाच हट्ट गो बाय. आता सप्ता तर आला. तुळजेचा दिवा…"

नूतन तिला रागावली नाही. म्हणाली, "काकू, बांगड्यांचं मी बघते. त्यांना बांगड्याच राहू द्या. जवळ राहायला एकजीव व्हायलाच हवं असं थोडंच आहे?"

मग राखलेल्या तुकड्यांची पाळी आली, म्हणजे माझी. त्या दिवशी तुळजाबाई एकटीच आली होती. नूतनने माझ्या कडा घासल्या, धुतल्या, पुसल्या आणि तुकड्यावर तुकडा रचायला घेतला. कौलं कशी एकमेकांवर थोडी थोडी चढवतात, तसे. खालचा थर झाला. ती हात धुवायला नळावर गेली.

तुळजाबाईने कनवटीची पुडी सोडली. आत तुळशीचं एक पान होतं, सकाळी देवाच्या वृंदावनातलं. नैवेद्याच्या ताटावर ठेवतात तसं तिने ते माझ्या मधोमध ठेवलं, डोळे मिटले, हात जोडले. पान वाऱ्याने उडेल म्हणून वर एक तुकडा सारला. झालं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तुळशीपत्राशिवाय देवाला काही पोचत नाही, एवढंच तिला ठाऊक. भट्टीत काय जातं, काय चालत नाही, हे तिला कोण सांगणार?

नूतन आली. तिने वरचा थर रचला आणि भट्टीचं दार लावलं. मला सगळं माहीत होतं, पण काच बोलत नाही.

भट्टीतलं काय सांगू! आधी अंग सैल पडतं, मग कडा विरघळतात. हा तुकडा कुठला, तो कुठला, हा भेद उरत नाही. पण खरी कसोटी त्यानंतर. नूतन म्हणायची, "तापवणं सोपं. निवू देणं कठीण." तिने मला अगदी सावकाश निवू दिलं. येसाजींचे फोनवर फोन, "झाली का? सप्ता उंबऱ्यावर आला." ती म्हणायची, "आजोबा, दार आता उघडलं तर तडा जाईल." सुनील येऊन भट्टीपुढे येरझाऱ्या घालायचा. तिने कुणाचं ऐकलं नाही. मग साच्यावर ठेवून पुन्हा तापवून तिने मला वाकवलं, पुन्हा तसंच सावकाश निववलं.

दार उघडलं तेव्हा तुळजाबाई तिथेच होती. नूतनने मला उचललं, उजेडात धरलं आणि ती बघतच राहिली. माझ्या पोटात पांढरं पान! हिरवेपण जळून गेलं होतं, पण राखेची शीर न् शीर जागच्या जागी होती. भोवती पानाच्या वाफेचे चार बुडबुडे.

"आजी, हे…?"

तुळजाबाई घाबरली. "चुकलं काय गो माझं? तुळशीबिगर देवाला कसं पोचंल, म्हनून…"

नूतनने मला मऊ कापडावर ठेवलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, मी ठरवून केलं असतं तर इतकं नाजूक पान मला साधलं नसतं. हे तुमचं. बांगड्यांच्या आधी देवाला तुमचं पोचलं."

नूतनने मला देवळात आणून बसवल्यावर येसाजींनी मला न्याहाळलं. टिचकी मारून पाहिली, डोळा बारीक केला. "बुडबुडे राहिलेत की. कच्ची राहिली काय? बाजारात याच्याहून साफ मिळते." नूतन नुसती हसली. चंद्राबाई मात्र म्हणाली, "भावजी, बाजारातली साफ हाय, पन तिनं कधी कीर्तन ऐकलंय काय?"

बांगड्यांचं काय झालं? नूतनने त्या जशाच्या तशा ठेवल्या. एका लाकडी पट्टीला तारेने ओवून सभामंडपाच्या दारावर टांगल्या, झुंबराच्या लोलकांसारख्या. घाटावरचा वारा आत शिरला की आधी त्या किणकिणतात. वाऱ्याची वर्दी देतात म्हणा ना.

सप्ताह बसला. वीणा गळ्यात चढली, तुळजाबाईने दिवा लावला आणि माझ्या आड ठेवला. पण सवय जाते थोडीच! ती पुन्हा दिव्याकडे तोंड करून, पदर धरून बसली. पहिले दिवस वारा पडूनच होता. येसाजी जाता-येता माझ्याकडे बघायचे, म्हणायचे, "वारा येऊ दे, मंग बोलू."

मग एका संध्याकाळी महिपतीबुवांचं कीर्तन होतं. बुवा पोलादपूरचेच, आवाज खणखणीत. कीर्तन रंगात आलं, टाळकरी पावलं टाकू लागले, आणि दारावरच्या बांगड्या एकदम खळखळल्या. वारा घुसला. देवापुढच्या पताका फडफडल्या. बुवांचं उपरणं उडालं. समईच्या दोन वाती गेल्या. सगळी सभा वळून नंदादीपाकडे बघू लागली. तुळजाबाईने दोन्ही हात पुढे केले.

वारा माझ्यावर आपटला. मी गारठले, पण हलले नाही. माझ्यामागे ज्योत एकदा वाकली, किंचित निळी झाली आणि सरळ उभी राहिली. वारा आला, तितक्या वेळा ती सरळ उभी राहिली.

बुवांनी टाळ थांबवले. म्हणाले, "पुढं बोलन. आधी ही ज्योत बघा." वाडीने त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. बुडबुड्यांतून उजेड पाझरत होता, पाण्यातून यावा तसा हलता. येसाजी पुढे आले, गुडघे टेकून जवळून बघू लागले. त्यांनी एका बुडबुड्यावर बोट ठेवलं. "ह्यात तर एकेक दिवा हाय!" मग कोपऱ्यात बसलेल्या नूतनकडे वळून म्हणाले, "पोरी, मी हिला कच्ची म्हनलो. तू काय हसत बसलीस, सांगायचंस की!"

"तुम्हीच बघाल म्हणून थांबले, आजोबा."

"आनि ते बटन?" चंद्राबाईने विचारलं.

"ते माज्या घरी लावतो. माज्या घरात देव नाय, नुसता वारा हाय." सगळी सभा हसली. तुळजाबाईही हसली, नेहमीसारखी, दिव्याकडे बघून.

नूतन उठून तिच्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "आजी, हात काढा आता. ती बघते दिव्याकडे. तुम्ही वळा."

ती मी, बरं का मित्रांनो.

तुळजाबाईने हात मागे घेतले. एकदा ज्योतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग जमिनीला हात टेकून, हळूहळू, ती वळून बसली. बुवांनी चाल धरली, मृदंग पुन्हा बोलू लागला. तिने बुवांचा फेटा पाहिला, बुक्का पाहिला, नाचणारे पाय पाहिले. मग शेजारच्या चंद्राबाईला कोपराने ढोसून म्हणाली, "अगो, बुवा केवढे उंच हायत! आवाजावरून मला बुटके वाटायचे." आणि टाळ्या वाजवू लागली. तिची पाठ आता माझ्याकडे होती, आणि तिच्या फिकट लुगड्यावर, बरोबर मधोमध, माझ्यातल्या तुळशीच्या पानाची सावली पडली होती.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या देवळात, घरात कुणाच्या हातची काच असेल तर तिला मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी घालू नका. फुटलीच, तर नदीत, रस्त्यात टाकू नका. कुणाचा तरी पाय वाचवा. आणि कुणी मन लावून घडवलेली वस्तू समोर आली, तर टिचकी मारण्याआधी थोडा वेळ तिच्यासमोर बसा. बुडबुडा दिसला की लगेच खोट म्हणू नका. उजेड येईपर्यंत थांबा.

आता मला आवरतं घेऊ द्या. माघ जवळ आलाय, आज एकादशी आहे, आणि तुळजाबाई फडकं घेऊन येते आहे. आता तिला स्टुलावर चढावं लागत नाही. ती माझ्यासमोर बसते, पुसते, पानाशी आली की जरा थांबते आणि विचारते, "औंदा कुठले बुवा येनार गो? दिसायला कसे हायत?"